नाडी ४५ आणि घरचे म्हणतात 'फिट आहे'

मुलगी महिनोन्‌महिने जेवण टाळते आहे, आणि मनगटावरच्या घड्याळात पल्स ४५ दिसते. "धावपटूंची अशीच असते," म्हणून घरचे निर्धास्त. धावपटूंची असते, खरं आहे. त्यांचं हृदय एका ठोक्यात भरपूर रक्त ढकलतं, म्हणून कमी ठोक्यांत भागतं. ॲनोरेक्सियात, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने जेवण टाळण्याच्या आजारात, गणित उलटं. उपासमारीत शरीर दंडा-मांडीसारखा हृदयाचा स्नायूही झिजवतं. हृदयाचा डावा कप्पा लहान होतो, पण त्याच्या तोंडाशी असलेली मायट्रल झडप आकसत नाही. ती सैल पडून मागे फुगू शकते.

नाडी मंदावते ती काटकसर म्हणून. हृदयाचा वेग कमी करणारी व्हेगस नर्व्ह ब्रेक दाबून धरते, थायरॉइडचं टी-३ हार्मोन उतरतं. हातपाय गार, दोन घासांत पोट गच्च, बद्धकोष्ठ, उठताना डोळ्यांपुढे अंधारी, हे सगळं याच काटकसरीतलं. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी स्वयंसेवक तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं, तेव्हा त्यांची सरासरी नाडी ५५ च्या आसपासहून ३५ वर आली होती.

घरी करता येण्याजोगी तपासणी अशी. पाच मिनिटं शांत आडवं झोपवा, नाडी पूर्ण ६० सेकंद मोजा, बीपी घ्या. मग उभं करा (शेजारी कुणीतरी हवंच) आणि १ व ३ मिनिटांनी पुन्हा मोजा. दंड बारीक असेल तर बीपी मशीनचा लहान पट्टा वापरा. मोठ्या पट्ट्याने बीपी खोटंच कमी येतं. उभं राहिल्यावर ठोके २० हून जास्त वाढले, किंवा वरचं बीपी २० ने अथवा खालचं १० ने उतरलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. किशोरवयात दिवसा जागेपणी नाडी ५० च्या खाली किंवा बीपी ९०/४५ च्या खाली असेल, तर बहुतेक वेळा भरतीच करतात. प्रौढांत नाडीची ही रेघ साधारण ४० ची.

मुद्दाम उलट्या काढणं किंवा जुलाब व्हावेत म्हणून औषधं घेणं चालू असेल तर धोका वेगळा: वजन नेहमीसारखं, नाडीही ठीक, पण रक्तातलं पोटॅशियम ३ च्या खाली. तिथे ठोका अचानक बिघडतो. मॅग्नेशियम कमी असेल तर पोटॅशियम कितीही दिलं तरी टिकत नाही, म्हणून दोन्ही तपासायचे, सोबत ईसीजी. आपल्याकडची खास अडचण म्हणजे पोट फुगतं म्हणून मेडिकलमधून आणलेली पॅन्टोप्राझोल-डोमपेरिडोनची कॅप्सूल. डोमपेरिडोन ईसीजीतलं क्यूटी अंतर (ठोक्यानंतर हृदय पुन्हा सज्ज होईपर्यंतचा वेळ) लांबवतं, उलटीवरचं ऑन्डॅन्सेट्रॉनही; ते फार लांबलं की ठोका बिघडू शकतो. अशा पेशंटला ही औषधं ईसीजी न पाहता देणं मला धाडसाचं वाटतं.

आता खाणं सुरू झाल्यावरचं. खूप दिवसांच्या उपाशी माणसाला 'भरपूर खाऊ घाला' हा आजीचा सल्ला इथे घातक ठरू शकतो. इन्सुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फेट पेशींत ओढलं जातं, आणि हृदयाला आकुंचनाची ऊर्जा कमी पडते. पहिला आठवडा सर्वांत नाजूक. म्हणून आधी थायमिन (व्हिटॅमिन बी-१), मग डॉक्टर-आहारतज्ज्ञांनी ठरवलेलं जेवण, आणि सुरुवातीला रोज फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियमची रक्ततपासणी. या दिवसांत ४५ ची नाडी झोपेतही ८५ दिसू लागली तर पेढे वाटू नका. जंतुसंसर्ग किंवा हृदयावरचा ताण आधी वगळायला हवा.