आमचा संत नोकरी सोडून गेला

21 सप्टेंबर हा येशूचा शिष्य संत मत्तय याचा सण. हिशेबनीस, बँकवाले आणि करवसुली करणारे, या सगळ्यांचा तो आश्रयदाता संत, म्हणजे माझाही. आणि टॅक्स ऑडिटची मुदत कधी? 30 सप्टेंबर. कॅथलिक सीएने आपल्या संताच्या सणाला चर्चमध्ये निवांत मिस्साला बसावं, हे तारखा ठरवणाऱ्यांच्या मनात कधी आलेलंच दिसत नाही. मुदत वाढते हो बऱ्याचदा, पण ती वाढल्याचं कळतं तेव्हा सण होऊन गेलेला असतो.

मत्तयची गोष्ट शुभवर्तमानात एका वचनात आटोपते. कफर्णहूमच्या जकातनाक्यावर तो बसलेला. येशू म्हणाला, माझ्यामागे ये. हा उठला आणि गेला. आमच्या मराठी बायबलात 'जकातनाका' हाच शब्द आहे, आणि लहानपणी वसईहून मुंबईला जाताना दहिसरच्या नाक्यावर ट्रकांची रांग पाहिलेली. त्यामुळे मला मत्तय कायम पत्र्याच्या शेडमध्ये, पावतीपुस्तकात कार्बन सरकवताना दिसायचा. 2017 साली जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, पण माझ्या डोक्यातली ती शेड काही गेली नाही.

सीए झाल्यावर मात्र दुसरेच प्रश्न पडायला लागले. चार्ज कोणाला दिला? गल्ला मोजला का? कफर्णहूम ज्या प्रांतात, तो गालील राज्यकर्त्या हेरोद अंतिपाच्या ताब्यात, म्हणजे वसुली बहुधा त्याच्याकडे जाणार. मग त्या दिवसाचा भरणा कोणी केला? शिवाय मार्क आणि लूक हे दुसरे शुभवर्तमानकार याच प्रसंगात त्याला लेवी म्हणतात. आमच्याकडे असता तर पॅन-आधार लिंक होता होईना.

इटलीत करचोरी पकडणारं जे दल आहे, ग्वार्दिया दी फिनान्झा, त्याचाही आश्रयदाता मत्तयच. म्हणजे धाड घालणारे आणि धाड पडल्यावर ज्यांना पहिला फोन येतो ते, दोघांचं गाऱ्हाणं एकाच दारी.

माझी बायको वकील. तिच्या टेबलावर संत इव्होचं चित्र असतं, पोस्टकार्डाएवढं. मध्ये इव्हो, एका बाजूला थैली पुढे करणारा श्रीमंत, दुसऱ्या बाजूला फाटक्या कपड्यांतला गरीब. इव्होचं तोंड गरिबाकडे. हा फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातला, त्रेगिए गावाजवळ 1253 मध्ये जन्मलेला. पॅरिस आणि ऑर्लेआँला कायदा शिकला, चर्चच्या न्यायालयात न्यायाधीश झाला, गरिबांचे खटले फुकट लढवले. 1303 च्या 19 मे रोजी वारला आणि 1347 मध्ये संत झाला. अजूनही मे महिन्यात त्रेगिएला त्याची यात्रा भरते. काळे झगे घालून वकील मिरवणुकीत चालतात आणि पुढे इव्होची कवटी असते. त्याच्यावर एक जुनं लॅटिन कवन आहे, त्याचा मतलब असा: इव्हो ब्रिटनीचा, वकील होता पण चोर नव्हता, लोकांना मोठं नवल वाटलं. हे बायकोच मला सांगते, आणि हसतो मीच जास्त वेळ.

तिची आवडती गोष्ट तूर गावच्या विधवेची. दोन भामट्यांनी तिच्याकडे पेटी ठेवली, दोघं मिळून आलो तरच द्यायची अशी अट घालून. मग एकट्यानेच येऊन, तिला फसवून पेटी नेली, आणि दुसऱ्याने तिच्यावरच दावा ठोकला. इव्हो कोर्टात म्हणाला, पेटी मिळेल, पण अट दोघांची आहे. आधी जोडीदाराला घेऊन या. खलास! बायको म्हणते, करार नीट वाचला की चमत्कार लागत नाही.

"तुझा मत्तय राजीनामा देऊन संत झाला," ती म्हणते, "माझा खटले चालवून."

मी शोधून काढलं की शेवटी शेवटी इव्होनेही न्यायाधीशपद सोडलं आणि गावाकडच्या चर्चचा कारभार पाहिला. तिला मोठ्या उत्साहाने सांगितलं.

"अरे पण आधी वर्षानुवर्षं काम केलं ना? तुझा एका वाक्यात उठला."

म्हणून माझं खरं मत जक्कयला. यरीहोचा मुख्य जकातदार, बुटका, येशूला बघायला उंबरावर चढलेला. त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली आणि ज्याला लुबाडलं असेल त्याला चौपट परत. आमच्याकडे उत्पन्नाची खोटी माहिती दिली तर चुकवलेल्या करावर 200 टक्के दंड, तरी पक्षकार माझ्याशी भांडतात. जक्कयने नोकरी सोडल्याचं लूकने कुठे लिहिलेलं नाही. पण हिशेबनिसांनी त्याला निवडलं नाही, काय करणार.

माझ्या टेबलाच्या काचेखाली इटालियन चित्रकार काराव्हाज्योने काढलेल्या मत्तयच्या चित्राची प्रिंट आहे. मूळ चित्र रोममध्ये, सान लुइजी देई फ्रान्चेझी चर्चमध्ये, 1600 च्या सुमाराचं. उजवीकडून येशूचा हात पुढे आलाय. टेबलाभोवती पाच जण, दाढीवाला छातीकडे बोट करतोय, 'कोण, मी?' असं. टोकाला एक तरुण मान खाली घालून नाणी सरकवतोय आणि त्याच्या खांद्यावरून एक म्हातारा डोळ्यांवर चष्मा धरून तीच नाणी बघतोय. त्या दोघांना कोण आलंय याचा पत्ताच नाही.

एका वर्षी सणाच्याच दिवशी एक हार्डवेअरवाले वर्षभराची बिलं सिमेंटच्या रिकाम्या गोणीतून घेऊन आले. बिल झटकलं की राखाडी धूळ. थर्मल पावत्या उजेडाकडे धरल्या तरी कोऱ्या. मी एकेक डोळ्यांजवळ नेऊन बघत होतो. ते समोर बसून काचेखालचं चित्र न्याहाळत होते.

"हे कोण लोक, साहेब?"

"जकातनाक्यावरचे. यातला एक आमचा संत."

त्यांनी चष्मेवाल्या म्हाताऱ्यावर बोट ठेवलं. "हा ना?"