रोज दोनशे, तेही उलटे

सातवा महिना, पहिलंच बाळंतपण, नोकरी शाळेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एवढंच होतं: खोकताना, शिंकताना लघवी सुटते, पेल्विक फ्लोअरचे, म्हणजे मूत्राशय-गर्भाशय खालून पेलणाऱ्या ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे, व्यायाम शिकवा. बाई म्हणाल्या, "मॅडम, ते तर मी तिसऱ्या महिन्यापासून करतेय, मोबाईलवर बघून. रोज दोनशे. तरी वाढतच चाललंय."

अशा वेळी आधी एक खात्री लागते. पाण्यासारखं, वास नसलेलं, थांबवता न येणारं काही झिरपत असेल तर ते गर्भजल असू शकतं. तेव्हा व्यायाम नाही, थेट दवाखाना. इथे ती शक्यता आणि लघवीचा जंतुसंसर्ग, दोन्ही डॉक्टरांनी तपासून बाजूला ठेवलं होतं.

"करून दाखवा," म्हटलं. त्यांनी छाती भरून श्वास घेतला, कोंडला, चेहरा लाल. पोटावर ठेवलेल्या माझ्या तळव्याला पोट पुढे ढकललेलं लागलं आणि कुल्ले आवळल्यामुळे त्या खुर्चीत इंचभर वर आल्या. मग टॉवेलची घट्ट गुंडाळी करून तिच्यावर बसवलं. स्नायू वर ओढले गेले तर टॉवेलवरचा भार हलका लागतो. यांना तो वाढलेला लागला. शेवटी त्यांच्या संमतीने कुशीवर झोपवून पाहिलं: योनी आणि गुदद्वाराच्या मधली जागा आत जायची ती बाहेर फुगत होती. म्हणजे रोज दोनशे वेळा त्या कळ दिल्यासारखा खाली जोर करत होत्या. गर्भाचं वजन आणि संप्रेरकं यांनी आधीच ताणलेल्या तळावर हा वरून भार. हे मी बऱ्याचदा पाहते, पण इतक्या नेटाने केलेलं क्वचित.

डाव्या कुशीवरच सुरुवात केली, गुडघ्यांमध्ये उशी. या महिन्यांत पाठीवर सपाट झोपलं की गर्भाशय मोठ्या शिरेवर दाबतं आणि चक्कर येऊ शकते. श्वास सोडता सोडता आधी मागून आवळायचं, गॅस अडवल्यासारखं. मग तीच ओढ पुढे, लघवी धरल्यासारखी. मग सगळं आतून वर. पोट, मांड्या, कुल्ले सैल. मोजायचं मोठ्याने, म्हणजे श्वास कोंडताच येत नाही. तीन सेकंद जमलं, चौथ्याला निसटलं. मग मात्रा तिथेच ठरली: तीन सेकंद धरायचं, सहा सेकंद पूर्ण सोडायचं, पाच वेळा, दिवसातून तीनदा. हळूहळू दहा सेकंद, आठ-दहा वेळा, आणि शेवटी दहा झटपट. दोनशेचा आकडा मी रद्द केला. थकलेला स्नायू सोडून कुल्लेच काम करू लागतात, मग आकड्याला अर्थ काय?

लघवी करता करता धार अडवून सराव करू नका, हेही सांगितलं. मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही आणि संसर्गाला वाव मिळतो. लोहाच्या गोळ्यांनी शौचाला घट्ट होत होतं, तोही रोजचा जोरच. कमोडसमोर पायांखाली छोटा पाट, पुढे झुकायचं, श्वास सोडत.

शिंकेसाठी वेगळी युक्ती: नाकात सुरसुरलं की आधी ओढायचं, शिंक संपेपर्यंत धरायचं, मग सोडायचं. पुढच्या भेटीत शिंकेचं बरंच आटोक्यात होतं. खोकल्याची उबळ मात्र अजून भारी पडायची; त्यासाठी स्नायूंत ताकद लागते आणि ती यायला साधारण तीन महिने जातात. म्हणून बाळंतपणानंतरही हे चालू ठेवायचं, लघवीची नळी घातली असेल तर ती निघाल्यावर, टाके दुखणार नाहीत इतपत.

सासूबाई सोबत होत्या. "एवढं आवळून बाळ अडायचं नाही ना?" या व्यायामाने प्रसूती अडते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. मात्र सोडता यायला हवं. म्हणून शेवटच्या महिन्यात सुनेला आवळण्यापेक्षा सोडण्याचा सराव जास्त दिला: श्वास घेताना तळ सैल होऊन खाली येऊ द्यायचा, जोर न करता, आणि जबडाही ढिला. दात आवळून बसलेल्या बाईचा तळ सहसा सुटत नाही.