पळसे ते लोणारवाडी

सातपूर, नाशिक, पळसे. निवृत्तिनाथांच्या पालखीचे हे तीन मुक्काम आठवायला बसले तर एकमेकांत मिसळतात. नाशकात रथापुढे रस्ताभर रांगोळ्या होत्या, गोदामाईला हात जोडले, कुणीतरी ओंजळीत राजगिऱ्याचे लाडू ठेवले. चेहडीला दारणा ओलांडली. काकडा कोणत्या पहाटे चुकला तेही आता सांगता येणार नाही. पळसे सोडलं त्या दिवशीची दुपार मात्र मिनिटामिनिटानं लक्षात आहे.

दिंडीत मी पाय बघते. परिचारिका म्हणून नोकरी झाली, निवृत्तीनंतर त्र्यंबकहून नाथांच्या पालखीबरोबर निघाले आणि दिंडीच्या ट्रकमधली पत्र्याची पेटी माझ्याकडे आली. पेटीत सलाइनच्या अर्ध्या लिटरच्या २४ बाटल्या, हातमोज्यांचे दोन खोके, गॉज, व्हॅसलीन लावलेलं गॉज, बेटाडीन, एक इंची कागदी चिकटपट्टी आणि पाकीटबंद सुया. कात्री वेगळ्या डब्यात. गोळ्या मी कमी ठेवते. गोळी घेऊन माणूस चालत राहतो आणि पाय आतून बिघडत जातो.

पंढरपूर आम्हाला लांब. पंचविसाच्या वर दिवस लागतात, पण पायांचा निकाल पहिल्या चार दिवसांत लागतो. पहाटे पाऊस येतो, मोजे भिजतात, दहाला ऊन पडतं आणि खालून डांबर तापतं. ओली कातडी मऊ पडते आणि मोज्याला धरून बसते. प्रत्येक पावलाला आतलं हाड पुढे सरकतं, वरची कातडी जागेवर राहते. त्या ओढाताणीत कातडीचे थर सुटतात आणि मध्ये पाणी भरतं, तो फोड. वारीसाठी खास नवे बूट घेणाऱ्यांना तो हमखास येतो. रस्त्याच्या कडेनं चालणाऱ्यांच्या एकाच पायाला जास्त येतात, कारण कडेला रस्ता उतरता असतो आणि दोन्ही पाय सारखे पडत नाहीत.

लहान, न दुखणाऱ्या फोडाला हात लावू नये. त्याची कातडी हीच त्याची पट्टी. चालताना भार पडणारा, टम्म फुगलेला असेल तरच मोकळा करायचा. आधी हात धुवायचे, फोड बेटाडीननं पुसायचा, पाकिटातली नवी सुई घ्यायची आणि कडेला, खालच्या बाजूला दोन-तीन भोकं पाडायची. गॉजनं हलकेच दाबून पाणी काढायचं. वरची कातडी कापायची नाही, ती तशीच खाली बसवायची. वर व्हॅसलीनचं गॉज, कोरडं गॉज, चिकटपट्टी. पाणी पुन्हा भरलं तर पुन्हा काढायचं. पहिल्या दिवसात दोन-तीन वेळा भरतं, घाबरायचं काही नाही.

आमच्याच दिंडीतले एक बाबा सुई काडीच्या ज्योतीवर धरतात, काळी झालेली तशीच फोडात घालतात आणि हळदीत बुडवलेला दोरा आरपार ओवून आत ठेवून देतात. पाणी दोऱ्यावाटे बाहेर येतं हे खरं, पण रस्त्याची घाणही त्याच दोऱ्यावाटे आत जाते. मला याचा फार राग येतो. दोन वर्षांमागे असाच एक पाय घोट्यापर्यंत सुजलेला पाहिला, म्हणून जास्तच येतो. बाबांचा भाव मोठा आहे, विणा घेऊन उभे राहिले की अंगावर काटा येतो. त्या दिवशी सकाळी आमचं यावरून मोठ्यानं वाजलं आणि नंतर अभंगात माझं लक्ष लागेना.

शिंदे गाव मागे पडलं. मोहदरी घाट लागायच्या आधी विसावा होता. झाडाखाली ताडपत्री टाकली, पेटी उघडली, रांग लागली. टँकर आला नव्हता, प्यायच्या पाण्यावरून बायका बोलत होत्या, कुणाचा तरी भोंगा चालू होता. रांग मोठी असली की मी मान वर करत नाही. पाय बघायचे आणि विचारायचं.

पुढचे पाय आले. उजव्या पायाचा करडा मोजा चवड्याखाली ओला होता. पाऊस सकाळीच थांबला होता.

“कधीपासून दुखतंय?”

“दुखत नाही, माउली. नातवानं ओलं बघितलं म्हणून आलो. काही विशेष नाही.”

काही विशेष नाही. हे तीन शब्द याच आवाजात मी कितीतरी वेळा ऐकले होते, आणि १९७७ नंतर एकदाही नाही. मान वर केली. पांढरे केस, जाड चष्मा, कपाळावर बुक्का, गळ्यात माळ. त्यांनीही पाहिलं. नाव कुणीच घेतलं नाही. वारीत सगळ्यांना एकच नाव असतं, ते पुरलं.

मोजा ओढून काढायचा नाही, चिकटलेली कातडी त्याबरोबर येते. सलाइन ओतून पाच मिनिटं भिजू दिला, मग गुंडाळत काढला. अंगठ्यामागे चवड्यावर तीन सेंटिमीटरचा फोड, फुटलेला, कडा लाल, मध्ये रक्ताळलेलं. एवढ्या जखमेला माणूस पाय टेकवत नाही. हे शिंद्यापासून तिच्यावर चालत आले होते. बूट उलटा करून आपटला, तर आतून हरभऱ्याएवढा खडा पडला. नातू, पंधराएक वर्षांचा, तो खडा हातात घेऊन बघत राहिला.

“साखर किती वर्षं आहे?”

“चौदा.”

मग मी सहा बोटांची तपासणी केली. तिला कसलंही उपकरण लागत नाही. रुग्णानं डोळे मिटायचे. आपण आपल्या तर्जनीचं टोक त्याच्या पायाच्या बोटाच्या टोकाला हलकेच टेकवायचं, एक-दोन सेकंद. दाबायचं नाही, घासायचं नाही, जाणवलं नसेल तर पुन्हा लावून बघायचं नाही. दोन्ही पायांचे अंगठे, मधली बोटं आणि करंगळ्या, अशी सहा. स्पर्श कळला की त्यानं उजवा की डावा एवढंच सांगायचं. सहापैकी दोन ठिकाणी कळलं नाही, तरी पायाची जाणीव गेली असं धरायचं आणि त्या पायाला सुई लावायची नाही, डॉक्टरकडे पाठवायचं.

त्यांनी डोळे मिटले. “डावा,” म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा “डावा.” बाकीच्या चार वेळा मी बोट लावलं आणि ते माझ्या स्पर्शाची वाट बघत तसेच बसून राहिले.

“झालं. डोळे उघडा.” हे मला दोनदा सांगावं लागलं.

१९७६ साली ते नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नुकते लागले होते आणि मी नर्सिंग शिकत होते. शिकणाऱ्या मुलींना तेव्हा लग्नाची परवानगी नव्हती. माझी दीड वर्षं उरली होती आणि त्यांच्या घरचे थांबायला तयार नव्हते. भांडण झालं नाही, कुणी कुणाला फसवलं नाही. मला राग मात्र पुष्कळ वर्षं होता, आणि तो त्यांच्यावरच होता.

नाडी पाहिली. पायाच्या पाठीवरची, अंगठ्याच्या रेषेत वर, बारीक लागली. घोट्याच्या आतल्या बाजूला, मागे, चांगली लागली. म्हणजे रक्त पोचत होतं, जखम भरायला आधार होता. नाडी लागते की नाही एवढंच तिथं बघायचं असतं. मी पूर्ण एक मिनिट मोजली. ८४.

जखम सलाइननं धुतली. हळद नाही, स्पिरिट नाही, तंबाखू तर नाहीच. लाली कुठवर आहे तिथं बॉलपेननं रेघ मारली. संध्याकाळी लाली रेघेबाहेर गेली, ताप आला, वास आला, तर रात्रीच दवाखाना गाठायचा. गॉज लावून पट्टी बोटाभोवती गोल गुंडाळली नाही. पाय सुजला की गोल पट्टी बोटाला आवळते आणि यांना ते कळलंही नसतं.

“आता चालायचं नाही,” मी म्हटलं.

“माझी बारावी वारी आहे.”

“एका पावलाला अख्ख्या अंगाचा भार या जखमेवर पडतो. पट्टी कितीही चांगली असली तरी चालत्या पायाची ही जखम भरत नाही. बोट जातं, नंतर पाय जातो. असे पाय मी वॉर्डात पाहिलेत.”

ते रथ गेला त्या बाजूला बघत राहिले. डोळे भरले होते. मला वाईट वाटलं आणि संतापही आला. चौदा वर्षं साखर असलेल्या माणसाचे पाय घरात रोज रात्री कुणी बघू नयेत? तळवा स्वतःला दिसत नाही, तर खाली आरसा ठेवावा. मी हे जरा मोठ्यानंच बोलले. नातवानं मान खाली घातली. त्यानंच तर ओलं पाहिलं होतं, त्याला बोलायला नको होतं.

दिंडीच्या पावतीच्या मागे मी डॉक्टरसाठी चिठ्ठी लिहिली. नाव, वय ७१, मधुमेह १४ वर्षं, उजव्या चवड्यावर फुटलेला फोड, खड्यामुळे, स्पर्श सहापैकी दोन, नाडी दोन्ही ठिकाणी लागते, धनुर्वाताचं इंजेक्शन बघावं, वेळ दुपारी १:५०. खाली माझी सही आणि फोन नंबर.

“आजी, तुम्ही नाव तर विचारलंच नाही,” नातू म्हणाला.

त्यांनी चिठ्ठी घेतली, चष्मा वर करून शेवटपर्यंत वाचली, सहीपाशी थांबले. “बरोबर लिहिलंय,” म्हणाले आणि घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. “तुमचे पाय ठीक आहेत?”

“टाचेला पहाटेच कागदी पट्टी लावते. कोरड्या कातडीवर, सुरकुती पडू न देता. घासायचं ते पट्टीला घासतं.”

“असं का,” ते म्हणाले, आणि टाचा बघितल्या.

पाण्याची गाडी सिन्नरला परत निघाली होती, तिच्यात दोघांना बसवलं. उजवा पाय खाली सोडायचा नाही, गाठोड्यावर ठेवायचा, एवढं सांगेपर्यंत दिंडी उठली. रांगेत अजून नऊ जण होते. घाट कसा चढले, आठवत नाही. वर वारा होता. पुढे तुळस डोक्यावर घेतलेली एक म्हातारी एका लयीत चालत होती, मी तिच्या पावलावर पाऊल ठेवत गेले. टाळ कानात भरले आणि कधीतरी माझ्या तोंडून नाम सुरू झालं.

लोणारवाडीला पोचलो. विणेकरी बाबा स्वतःहून आले आणि पाकीटबंद सुया मागून घेऊन गेले. हरिपाठाला उभे राहत होतो तेवढ्यात फोन आला. दवाखान्यात जखम धुतली, इंजेक्शन दिलं, साखर ३१२ निघाली, दोन दिवस ठेवून घेणार. लाली रेघेच्या आत होती.

“आजोबा विचारतात, मोजे कसले घ्यायचे?”

“पांढरे. रक्त लगेच दिसतं. शिवण बोटांना लागत असेल तर उलटे करून घालायचे. आणि बूट घालायच्या आधी दर वेळी आत हात घालून बघायचा.”

मागून त्यांचा आवाज आला, “किती जोड?”

“चार,” मी म्हटलं. मृदंग सुरू झाला होता, म्हणून पुन्हा एकदा मोठ्यानं सांगितलं.