तांबड्या पेन्सिलीच्या खुणा आणि फोटोशॉपची ॲक्शन

फोंडा तालुक्यातील आमच्या गावच्या देवळात जत्रेच्या रात्री गावकरीच मराठी नाटक उभे करतात. या उत्सवी नाटकांच्या बारा जुन्या वह्या गेल्या पावसाळ्यात माझ्या घरी आल्या. त्या ज्यांच्या, ते आमचे शेजारचे काका कित्येक वर्षे विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करीत. वह्यांचे कागद पिवळे पडले होते, कडांना बुरशीचे ठिपके धरले होते आणि शिवण इतकी नाजूक झाली होती की वही पालथी घालून स्कॅनरवर दाबणे शक्य नव्हते. म्हणून टेबलावर कॅमेरा तोंड खाली करून बांधला आणि पानागणिक छायाचित्र घेतले. एकूण पाने 412 भरली.

छायाचित्र काढणे हा कामाचा सोपा भाग होता. त्यानंतर प्रत्येक पान सरळ करायचे, टेबलाची कड कापायची, पिवळेपणा घालवायचा, अक्षर उठावदार करायचे, आकार कमी करायचा आणि पानाचा क्रमांक देऊन फाइल जतन करायची, असा तोच तो क्रम होता. हाताने एका पानाला तीन मिनिटे धरली तरी वीस तासांहून अधिक वेळ जाणार होता. शिवाय शंभराव्या पानानंतर हात आणि डोळा दोन्ही चुकू लागतात, हा लग्नाच्या अल्बमांचा माझा जुना अनुभव आहे.

फोटोशॉपमध्ये यासाठी ॲक्शनची सोय आहे, आणि ती 1996 साली आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून आहे. रेकॉर्डचे बटण दाबून एका चित्रावर आपण जे करू ते पायरी-पायरीने नोंदले जाते, आणि मग बॅच या आज्ञेने तीच मालिका अख्ख्या फोल्डरवर चालवता येते. मात्र नोंदले जातात ते आकडे. ते आकडे आपण कशासाठी निवडले हे कुठेच नोंदले जात नाही. मी डावीकडून टेबलाची कड कापली, असे मला वाटत होते. ॲक्शनच्या लेखी मी अमुक पिक्सेलपासून तमुक पिक्सेलपर्यंतचा चौकोन ठेवला होता. जिथे वही बोटभर सरकली होती, तिथे टेबल शिल्लक राहिले आणि संवादाची पहिली अक्षरे कापली गेली. मोजपट्टीचे एकक आधी टक्क्यांवर नेऊन मग रेकॉर्ड केले की माप चित्राच्या आकाराच्या प्रमाणात नोंदले जाते आणि लहानमोठ्या चित्रांचा प्रश्न सुटतो; पण सरकलेल्या वहीवर त्याचाही इलाज नाही. शेवटी मी टेबलावर पुठ्ठ्याचा काटकोन चिकटवला आणि प्रत्येक वही त्यात टेकवून छायाचित्रे पुन्हा काढली. ॲक्शन दुरुस्त करीत बसण्यापेक्षा तो पुठ्ठा कितीतरी स्वस्त पडला.

दुसरी अडचण पाने आडवी-उभी होण्याची. छायाचित्र घेताना कॅमेरा कसा धरला आहे याची नोंद तो फाइलमध्ये करतो आणि फोटोशॉप ती नोंद पाहून चित्र आपोआप फिरवते. पण ही दिशा कॅमेऱ्यातला सेन्सर गुरुत्वाकर्षणावरून ठरवतो, आणि भिंग सरळ जमिनीकडे रोखलेले असले की त्याला वरची बाजू कोणती ते समजत नाही. त्यामुळे सलग घेतलेल्या पानांपैकी काही डावीकडे, काही उजवीकडे कलंडली होती. आपोआप फिरवण्याची ही सोय कॅमेऱ्यातच बंद केली, तेव्हा सगळी पाने एकाच चुकीच्या दिशेने आली. एकाच दिशेची चूक मला चालते, कारण ती एका पायरीत सुधारता येते.

तिसरी चूक निव्वळ माझी. रेकॉर्ड करताना ‘सेव्ह ॲज’मध्ये मी फाइलचे नाव टाइप केले, तेही इमानाने नोंदले गेले. वीस पानांची चाचणी चालवून फोल्डर उघडले तर आत एकच फाइल, विसाव्या पानाची. बाकीची एकोणीस एकमेकांवर जतन होऊन गेली होती. बॅचच्या खिडकीत ॲक्शनमधली ‘सेव्ह ॲज’ची नावे बाजूला सारण्याचा पर्याय असतो, तो मी निवडला नव्हता. मूळ छायाचित्रे वेगळ्या डिस्कवर होती म्हणून निभावले.

क्रमांकांसाठी मात्र बॅच अपुरी पडली. वही सारखी फिरवावी लागू नये म्हणून मी आधी उजवीकडची सगळी पाने आणि मग डावीकडची सगळी पाने टिपली होती; म्हणजे एका फोल्डरला 1, 3, 5 आणि दुसऱ्याला 2, 4, 6 असे क्रमांक हवे होते. बॅचमधला अनुक्रमांक एकेकानेच वाढतो. त्यासाठी दहा-बारा ओळींची छोटी स्क्रिप्ट लिहिली आणि क्रमांक 001 असे तीन अंकी ठेवले, नाहीतर 1 नंतर 10 येते आणि नाटकाचा पहिला अंक तिसऱ्यात शिरतो.

म्हापशाला राहणारा माझा मामेभाऊ या सगळ्याला हसतो, कारण तो जिंप हे चित्रांवर काम करण्याचे दुसरे सॉफ्टवेअर वापरतो. जिंपमध्ये असे रेकॉर्ड करण्याचे बटणच नाही. तिथे स्कीम किंवा पायथन भाषेत स्क्रिप्ट लिहावी लागते. लिहिताना आपण नेमके काय करतो आहोत याचा विचार आपोआप होतो, असे त्याचे म्हणणे, आणि ते मला पटते. टाइप केलेल्या आज्ञांनी चित्रे बदलणारे इमेजमॅजिकही तो वापरतो. त्यातली मॉग्रिफाय ही आज्ञा वेगळे सांगितले नाही तर मूळ फाइलवरच नवे चित्र लिहिते. माझ्यासारख्या धांदरटाच्या हाती ती न दिलेलीच बरी.

आता माझ्या हुशारीची गोष्ट. पिवळा कागद आणि तपकिरी डाग घालवण्याची एक चांगली युक्ती आहे. रंगीत चित्र लाल, हिरवा आणि निळा अशा तीन चॅनेलांचे बनलेले असते. पिवळा डाग निळ्या चॅनेलमध्ये गडद दिसतो आणि लाल चॅनेलमध्ये जवळजवळ कागदाइतका उजळ. म्हणून चॅनेल मिक्सरने फक्त लाल चॅनेल घेऊन कृष्णधवल चित्र केले की डाग विरतात आणि निळी-काळी शाई ठसठशीत उरते. पहिल्या पानावर परिणाम इतका देखणा आला की मी ती पायरी लगेच ॲक्शनमध्ये घातली, रात्री बॅच लावली आणि झोपलो. सकाळी 412 पाने पांढरीशुभ्र तयार होती.

ती छापून काकांकडे नेली. त्यांनी चष्मा लावून चार-पाच पाने उलटली आणि विचारले, “अरे, तांबड्यो खुणो खंय गेल्यो?”

प्रॉम्प्टरच्या वहीत तांबड्या पेन्सिलीचे काम असते, हे मला ठाऊक असायला हवे होते. कोणते संवाद गाळायचे, पद कुठे सुरू करायचे, पेटीवाल्याला कुठे इशारा द्यायचा, हे सारे त्यांनी वर्षानुवर्षे लाल पेन्सिलीने नोंदले होते. लाल चॅनेलमध्ये लाल रेघ कागदाइतकीच उजळ होते. बुरशीच्या डागांबरोबर मी काकांचे सगळे कामच पुसून टाकले होते, आणि तेही एका पानावर नव्हे, सगळ्या पानांवर सारख्याच नेटकेपणाने. हाताने करीत असतो तर दुसऱ्या-तिसऱ्या पानालाच लक्षात आले असते. ॲक्शन नोंदवण्यासाठी मी निवडले होते ते पहिल्या वहीचे शीर्षकाचे पान, आणि त्यावर एकही खूण नव्हती.

आता नमुन्याचे पान मी सर्वांत स्वच्छ न निवडता सर्वांत गिचमिड निवडतो. मूळ रंगीत छायाचित्रे फोल्डर उघडून एकेक पाहिली आणि खुणा असलेली पाने वेगळी काढली. या कामाला दोन संध्याकाळी लागल्या आणि ते मी कोणत्याही स्क्रिप्टवर सोपवले नाही. त्या पानांसाठी दुसरी ॲक्शन केली, जिच्यात रंग तसेच राहतात आणि कागद फक्त थोडा उजळतो. उजळण्याच्या पायरीपुढच्या चौकटीत खूण केली, म्हणजे तिथे लेव्हल्सची, म्हणजे चित्राचा उजळपणा कमीजास्त करण्याची, खिडकी उघडून ॲक्शन माझी वाट पाहते, मी हाताने पट्टी सरकवतो आणि पुढच्या पायऱ्या पुन्हा आपोआप होतात.

नवी प्रत घेऊन गेलो तेव्हा काका पान न पान पाहत होते. सातव्या वहीतल्या एका पानावर कोपऱ्यात मोठी लालसर खूण होती. ती नीट उठून दिसावी म्हणून मी लेव्हल्सची पट्टी बराच वेळ मागेपुढे केली होती. इथे काय सुचवले होते, असे मी विचारले. काकांनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, “ती खूण नव्हे रे. विड्याचा डाग तो.”

ते पान रंगीतच ठेवले आहे.