आमच्या गावचं हेमाडपंती देऊळ

शिवरात्रीच्या दोन दिवस आधी आम्ही पाच-सहा जण महादेवाचं देऊळ धुवायला गेलो होतो, बादल्या खराटे घेऊन, आणि मंडपात पाणी मारता मारता माझं लक्ष छताकडे गेलं ते तिथंच अडकलं. एवढी वर्षं या देवळात येतोय पण टॉर्च मारून नीट पाहिलंच नव्हतं.

आजोबा सांगायचे, "हेमाडपंतानं एका रातीत बांधलं, कोंबडा आरवला न कळस राहून गेला." म्हणून आमच्या देवळाला शिखर नाही. वऱ्हाडात बहुतेक गावांत हीच गोष्ट सांगतात. हेमाडपंत म्हणजे हेमाद्री, देवगिरीच्या यादवांचा मंत्री, महादेवराय यादव 1261 ला गादीवर आला त्यानंतरचा माणूस. पण आमच्या अकोला जिल्ह्यातच बार्शीटाकळीला देवीच्या देवळात शके 1098 चा शिलालेख आहे, म्हणजे साधारण इसवी सन 1176, हेमाद्रीच्या ऐंशीएक वर्षं आधीचा! तिकडं अंबरनाथचं देऊळ तर 1060 चं. म्हणजे चुन्याशिवाय दगडावर दगड बसवायची ही हेमाडपंती पद्धत आधीपासून होती, नाव तेवढं हेमाडपंताचं चिकटलं. ज्या पाथरवटांनी हे दगड घडवले त्यांचं नाव कोणी घेत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता ते छत. चार खांब, खाली चौकोनी मग आठकोनी मग गोल, त्याच्यावर चार तुळया. मधली जागा एका लांब फळीनं झाकली असती तर कधीतरी मधोमध तडकली असती, कारण दगड दाब कितीही सोसतो पण वाकणं त्याला जमत नाही. म्हणून चारी कोपऱ्यांत एकेक दगड तिरपा टाकलाय, त्यानं मधला चौकोन लहान होतो आणि फिरतो, त्याच्यावर परत तसेच चार, आणि शेवटी उरलेल्या छोट्या जागेवर एकच दगड, त्याच्यावर उमललेलं कमळ. पाकळीच्या कडेला छिन्नीचे बारीक घाव अजून बोटाला लागतात. लोणारच्या दैत्यसूदन मंदिरात छतावर अख्ख्या कथा कोरल्यात, आमचं त्यापुढं साधं आहे, पण मला हेच जास्त जवळचं वाटतं.

आमच्यासोबत गावातले एक म्हातारे मिस्त्री काका होते, जन्म दगड फोडण्यात गेलेला. ते खांबावर हात ठेवून म्हणाले, "याच्यात चुना नाई काई नाई बाप्पू, वजनानंच बसलं हाय सारं. खाच न खुंटी." मग त्यांनी मला तो सांधा दाखवला, पोस्टकार्डही जाणार नाही इतका घट्ट.

मागं काही जणांनी भक्तीनंच गाभाऱ्याला ऑइल पेंट मारला, आता पावसाळ्यात आतून ओल धरते आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. त्यांच्याशी भांडण नाही, फक्त यावेळी पायऱ्यांना सिमेंट लावायचं चाललं होतं ते मिस्त्री काकांनी थांबवलं, एक निसटलेली पायरी पहारीनं सरकवून परत जागेवर बसवली, अर्धा तास लागला. मग आम्ही वर चढलो, कारण छताच्या सांध्यात पिंपळाचं वीतभर रोप उगवलं होतं. तेच सगळ्यात वाईट, मुळं जाड झाली की दगड उचलतात. मुळं आत तुटू नयेत म्हणून काकांनी आधी पाणी सोडलं आणि हळूहळू हलवत अख्खं रोप बाहेर काढलं, मी ते ओल्या फडक्यात गुंडाळून नदीकाठी लावून आलो.