बकरी म्हणू नका हो तिला!

मुन्नारचे बाकीचे दिवस चहाचे मळे, चॉकलेटची दुकानं आणि ट्रॅफिक यांतच गेले. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. निलगिरी ताहर या बकरीसारख्या दिसणाऱ्या रानटी प्राण्याचं घर असलेल्या एरविकुलम राष्ट्रीय उद्यानावर मात्र लिहायलाच हवं, कारण तिथे डोकं फिरलं.

खासगी गाड्या खालीच राहतात, वर राजमलापर्यंत वनखात्याची बस. तिच्यासाठीची रांग तिरुपतीची आठवण करून देणारी. पुढे डांबरी रस्त्याने चालायचं. डावीउजवीकडे गवताळ उतार, घळींत शोला (डोंगरातलं बुटकं, सदाहरित) जंगलाचे गर्द पुंजके, आणि ढगांत गेलेलं अनामुडी शिखर, २,६९५ मीटर! आपली कळसूबाई १,६४६ मीटर. सह्याद्री इतका उंच होऊ शकतो हे मान वर केल्यावरच पटतं.

आणि वळणावर निलगिरी ताहर. करड्या-तपकिरी माद्या, सोबत पिल्लं, रस्त्याला खेटून चरत होत्या. आमच्या पुढचे काका मराठीतच गरजले, "अहो, बकऱ्याच आहेत की! ह्यासाठी दोन तास उभं केलं?" काकूंनी वेफर्सचं पाकीट पुढे केलं. गार्डची शिट्टी. दुसऱ्या बाजूने एकजण पिल्लाशेजारी उकिडवा बसून सेल्फी घेतोय. पुन्हा शिट्टी.

मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, हा प्राणी जगात फक्त केरळ आणि तमिळनाडूतल्या पश्चिम घाटात आहे, आणि सगळ्यात जास्त इथेच." काका म्हणाले, "असेल, पण दिसतो बोकडच." डीएनए तपासणीनंतर २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला मेंढ्यांच्या जवळचा ठरवून वेगळ्या प्रजातीत (genus) टाकलंय, हे सांगायचं होतं, पण काका पुढे गेले होते.

तेवढ्यात वरून एक म्हातारा नर उतरला. जवळजवळ काळा, पाठीवर खोगीर टाकावं तसा चंदेरी पट्टा. गर्दीकडे ढुंकूनही न बघता तो ओल्या, उभ्या कातळावर चढला. आपण दोर लावूनही विचार करू अशी ती जागा! काकांचाही मोबाइल वर गेला, पण तोंडातून शब्द नाही. मला फार बरं वाटलं.

गंमत म्हणजे हे डोंगर एके काळी चहामळेवाल्या साहेबांचं शिकारीचं रान. पुढे त्यांच्याच संघटनेने ते राखलं, पहारेकरी म्हणून इथल्या मुथुवन आदिवासींना घेतलं. १९७५ मध्ये अभयारण्य झालं, १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान.

जायचं तर पहिली बस गाठा आणि शनिवार-रविवार टाळा. साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये पिल्लं होण्याच्या काळात उद्यान बंद असतं; हॉटेलवाले बुकिंग घेताना हे सांगतीलच असं नाही. ओळखीतलं एक कुटुंब तसंच फाटकावरून परतलं, अजून कुरकुरतं. माझं विचाराल तर आणखी महिनाभर बंद ठेवलं तरी चालेल.