डाउनलोडचा आलेख आणि शेवटचं शून्य

आर या सांख्यिकीच्या प्रोग्रॅमिंग भाषेसाठी आम्ही लिहिलेल्या पॅकेजच्या (तयार कोडच्या संचाच्या) रोजच्या डाउनलोडचा आलेख काढणं हे तासाभराचंही काम नाही. क्रॅनलॉग्ज या डाउनलोडचे आकडे देणाऱ्या पॅकेजला आपल्या पॅकेजचं नाव आणि तारखा द्यायच्या, तारीखवार आकडे येतात, ते जीजीप्लॉट या आलेख काढणाऱ्या पॅकेजला दिले की झालं. ऑक्टोबर २०१२ पासूनचे आकडे फुकट मिळतात.

अडलं ते अनुदान देणाऱ्या कार्यालयात. त्यांच्या प्रगती अहवालाची अट अशी की आकडे अहवालाच्या तारखेपर्यंतचेच हवेत. आता लॉग, म्हणजे डाउनलोडची नोंद, येतो दिवस संपल्यावर, आणि तो दिवसही यूटीसीचा (जागतिक प्रमाणवेळेचा), म्हणजे आपल्याकडे पहाटे ५:३० ला संपणारा. न आलेल्या दिवसापुढे क्रॅनलॉग्ज शून्य मांडतं. साहजिकच रेघ टोकाला सरळ तळाशी जाते. अहवाल परत आला, वर शेरा: ‘वापर बंद झाल्याचे दिसते, खुलासा करावा.’ खुलासा दिला. मग विचारणा, दर आठवड्याला आकडा का पडतो? अहो, शनिवार-रविवारी लोक कामावर नसतात! हेही लेखी दिलं. पुन्हा तोच शेरा, तीच तारखेची अट. समोरचा माणूस आलेख बघतच नव्हता, फक्त टोक बघत होता. अजून आठवलं की डोकं तापतं.

शेवटी मी आलेख शेवटच्या पूर्ण दिवसाशी थांबवला आणि खाली ठळक लिहिलं: ‘यापुढचे लॉग अद्याप प्रसिद्ध नाहीत.’ रोजची रेघ फिकट केली, तिच्यावर सात दिवसांची सरासरी गडद काढली. आरच्याच झू पॅकेजमधलं रोलमीन हे फंक्शन त्यासाठी पुरतं. सरासरी काढण्याआधी शेवटची शून्यं काढून टाका, नाहीतर तीही खाली ओढली जाते. हा अहवाल मात्र बिनबोभाट स्वीकारला गेला. इतकं हायसं वाटलं!

नव्या आवृत्तीच्या तारखांना उभ्या रेघा मारा, हे आधीच सांगायला हवं होतं. त्या दिवसांत आकडा उसळतो, कारण जुनेच लोक अपडेट घेतात.

फॉर्मात ‘वापरकर्त्यांची संख्या’ असाही रकाना होता. तिथे डाउनलोडचा आकडा नुसता भरू नका. टेस्ट चालवणारी यंत्रं तेच पॅकेज पुन्हापुन्हा उतरवतात. उलट क्रॅनलॉग्ज फक्त आरस्टुडिओ (आता पॉझिट) कंपनीचा मिरर, म्हणजे पॅकेजांच्या भांडाराची तिच्याकडची प्रत, मोजतं, भुवनेश्वरच्या नायसर या संस्थेच्या मिररवरून घेणारा त्यात येतच नाही. मी त्या रकान्यात ‘डाउनलोड, वापरकर्ते नव्हेत’ असं स्पष्ट लिहिलं, आणि तसंच मंजूर करून घेतलं.